सुरतेचा गाळ आणि हिवाळी पाहुणे

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनास १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवछत्रपतींनी जिची संपत्ती दोनदा हस्तगत केली, त्या नगरीचे वैभव तापीच्या काठी वाढले होते. मात्र नदीच्या मुखाशी गाळ साचे. म्हणून विलायतेची मोठी जहाजे शहरापर्यंत न येता पश्चिमेस सुवाळीजवळच नांगर टाकीत.

व्यापाऱ्यास जो गाळ विघ्न वाटला, तोच दुसऱ्या एका प्रवाशाचे अन्नछत्र होता. उत्तरेकडील थंड मुलुखातून दर हिवाळ्यात तुतवार, कुरव आदी पक्षी या किनाऱ्यावर उतरतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातील किडे व शिंपले टिपून तुतवार अंगी चरबी साठवितात. तीच त्यांची पुढल्या उड्डाणाची शिदोरी. भरतीच्या वेळी त्यांना विसाव्यापुरती निवांत जागा लागते. कोकणच्या खाड्या आणि गोमंतकातील खाजणे व मिठागरे ही याच वाटेवरील अन्य ठाणी होत.

सुरतेला भूतदयेची परंपरा नवी नाही. १६८९ मध्ये तेथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने जनावरांसाठी चालविलेल्या रुग्णालयाचे वर्णन लिहून ठेविले आहे. आजही हिवाळ्यात तापीच्या कॉजवेवर नागरिक कुरवांना मोठ्या प्रेमाने गाठिये घालतात. भाव निर्मळ आहे; परंतु तळलेले गाठिये हे त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे. त्यांचे खरे अन्न चिखलात आहे, आणि तो चिखलच संकटात आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात नदीचा पुष्कळ गाळ अडतो. हजीऱ्याच्या किनाऱ्यावर कारखाने व धक्के उभे राहिले आहेत.

मग करावे काय? उरलेल्या गाळवटी भराव घालून बुजवू नयेत. सांडपाणी शुद्ध केल्याविना खाडीत सोडू नये. तिवरांची लागवड ती मुळात जेथे होती तेथेच करावी. उघड्या चिखलावर सरसकट तिवरे लावली, तर पुण्यकर्माच्या भरात पाहुण्यांचे पानच उचलल्यासारखे होईल. २०२० च्या फेब्रुवारीत स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीची राष्ट्रांची परिषद गांधीनगरात भरली, तेव्हा मध्य आशियातून येणाऱ्या पक्षिमार्गाच्या रक्षणाचा विचार गुजरातच्याच भूमीवर झाला.

अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या समाजाने एवढे ध्यानी धरावे: पाहुण्याला घास भरविण्यापूर्वी त्याच्या बसण्याची जागा राखणे, हाच आतिथ्याचा पहिला विधी होय.