मालमोटारींचे दोन सांगाडे

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा जाणता कारागीर प्रथम कळसाकडे पाहत नाहीं. तो जोत्याचे दगड ठोकून पाहतो. जुन्या मालमोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनाहि हाच क्रम पाळावा लागतो. रंग, गादी, पुढची चकचकीत जाळी यांना मागाहून केव्हांहि हात घालतां येतो. पण ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर हें सर्व उभें राहावयाचें तो सांगाडा हलक्या गाडीचा घ्यावा कीं भारी गाडीचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं सोडवावा लागतो. अमेरिकेंत हा छंद आज पुष्कळ फैलावला आहे, आणि तेथील छंदिष्टांचे या प्रश्नावर सरळ दोन तट पडतात. वरून पाहणाऱ्याला हा वाद लोखंडाचा वाटेल. परंतु त्याचीं मुळें शंभर वर्षांच्या इतिहासांत आहेत.

फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ सालीं निघाली. तिचा सांगाडा म्हणजे दाबून वळविलेल्या पोलादी पत्र्याच्या दोन सरळ तुळया, त्यांना सांधणारे आडवे दांडे, आणि पुढें एक व मागें एक अशा आडव्या बसविलेल्या कमानी. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १०० इंच. वाटेंत खळगा लागून एक चाक वर व दुसरें खालीं गेलें कीं सारा सांगाडा पिळला जाई; आणि हा त्याचा दोष नसून गुणच होता, कारण त्या काळच्या कच्च्या वाटांवर ताठर गाडीपेक्षां लवचीक गाडीच अधिक टिकली. ही गाडी माणसें वाहण्यासाठीं जन्मली होती. पण शेतकरी आणि दुकानदार हे जगांत कोठेंहि असोत, वाहनाकडे ते शेवटीं पोत्यांच्या हिशेबानेंच पाहतात. लवकरच शिकागोच्या 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक'सारखे जोडसंच विक्रीस आले. जुन्या फोर्डच्या सांगाड्यावर एक जाड व लांब सांगाडा चढवावयाचा, मूळच्या मागील आंसाच्या टोकांना दांतेरी चक्रें लावावयाचीं, आणि तेथून सांखळीनें मागच्या नव्या भरीव रबरी चाकांना गति द्यावयाची, अशी ही युक्ति होती. हलक्या सांगाड्यावर भारी सांगाडा बसविण्याचा आजचा उद्योग नवा नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

हा धंदा दुसऱ्यांनीं किती दिवस करावा? १९१७ सालीं फोर्डनें स्वतःच एक टनाची मॉडेल टीटी काढली. चाकांतील अंतर १२४ इंचांवर गेलें, तुळया जाड झाल्या, इंजिन मात्र तेंच वीस अश्वशक्तीचें राहिलें. मग एक टन माल ओढला कशाच्या बळावर? मागच्या आंसांतील दांत्यांच्या बळावर. साध्या टी गाडींत इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.६४ फेऱ्या झाल्या म्हणजे चाकाची एक फेरी होई. टीटीच्या मळसूत्री आंसांत त्यासाठीं ७.२५ फेऱ्या लागत. ओढ दुप्पट झाली, वेग निम्म्यावर आला. भारी सांगाडा एकटा कधींच येत नाहीं. तो आपल्याबरोबर मंदपणाहि घेऊन येतो. आजचा जीर्णोद्धारक हें वारंवार विसरतो आणि गाडी रस्त्यावर आल्यावर हळहळतो.

सांगाडे घडविण्याची कथाहि मनोरंजक आहे. १९०६ सालीं फोर्डनें मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीकडे दहा हजार सांगाड्यांची मागणी नोंदविली. तोंवर हें काम बव्हंशीं हातानें चाले. याच कंपनीनें १९२१ सालीं असा एक कारखाना उभारला कीं, एका टोकानें पोलादी पट्ट्या आंत जाव्यात आणि दुसऱ्या टोकानें रिव्हेट ठोकलेले पुरे सांगाडे बाहेर पडावेत. आणि तेहि दिवसाला दहा हजारांच्या संख्येनें! ज्या वस्तूवर लोहार दिवसच्या दिवस घालवी ती येथें दर कांहीं सेकंदांस एक अशी तयार होऊं लागली.

आजच्या वादाचा खरा विषय आहे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्या. १९४७ च्या उन्हाळ्यांत शेव्हर्लेनें नव्या मालमोटारी काढल्या. त्यांतील अर्ध्या टनाच्या ३१०० या गाडीच्या चाकांतील अंतर ११६ इंच, पाऊण टनाच्या ३६०० चें सव्वाशें इंचांहून किंचित् अधिक, आणि एक टनाच्या ३८०० चें १३७ इंच होतें. फोर्डनें १९४८ च्या मॉडेलांना एफ-१ पासून एफ-८ पर्यंत ओळीनें नांवें दिलीं. एफ-१ मालासकट ४७०० पौंडांची, तर एफ-८ बावीस हजार पौंडांची. गंमत अशी कीं, खर्च वांचविण्यासाठीं कारखानदारांनीं हलक्या आणि पुष्कळशा भारी गाड्यांना केबिन एकच दिली. पाव्हणा तोच, खालचें घोडें मात्र निराळें! शेताच्या बांधावर वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या भारी गाडीची केबिन पुष्कळदां शाबूत सांपडते आणि स्वस्तहि मिळते, तर हलक्या गाडीच्या मागें सारे लागल्यामुळें तिची किंमत चढलेली असते. म्हणून कोणी भारी गाडीची केबिन उतरवून हलक्या सांगाड्यावर चढवितो, तर कोणी भारी सांगाडाच कापून आंखूड करूं पाहतो.

येथें थोडें गणित पाहिल्यावांचून निवाडा करतां येणार नाहीं. उभ्या धरलेल्या पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. सहा इंच उंचीची पट्टी सात इंचांची केली तर लोखंड फक्त एक षष्ठांश वाढतें, पण ताठपणा २१६ वरून ३४३ वर, म्हणजे दीडपटीच्याहि वर जातो. उलट, लांबी वाढली कीं ताठपणा त्याच घनाच्या हिशेबानें घटतो. भार मध्यावर आहे असें धरलें, तर ११६ इंचांच्या ऐवजीं १३७ इंचांवर टेकलेली तीच तुळई त्याच भाराखालीं सुमारें १.६५ पट वांकेल. तेव्हां एक टनाच्या गाडीच्या जाड तुळयांपैकीं बराचसा जाडपणा अधिक माल उचलण्यांत नव्हे, तर स्वतःच्या लांबीची भरपाई करण्यांतच खर्ची पडतो. 'जाड तें बळकट' असें म्हणणाऱ्या तटाचा निम्मा मुद्दा येथेंच गळतो.

उरलेला निम्मा चाकांपाशीं गळतो. शेव्हर्लेच्या अर्ध्या टनाच्या गाडीचीं चाकें सहा बोल्टांचीं, तर पाऊण व एक टनाच्या गाड्यांचीं आठ बोल्टांचीं आहेत. पुष्कळशा भारी गाड्यांच्या चाकांच्या कडा अनेक तुकड्यांच्या असतात, आणि हवा भरतांना त्यांतील कडें उसळून माणसें दगावलेलीं आहेत. भारी सांगाडा घेणें म्हणजे त्याचे आंस, चाकें, ताठ कमानी आणि सावकाश चाल हा सर्व संसार घेणें होय. रिकामी भारी गाडी प्रवाशाची हाडें खिळखिळीं करते, कारण तिच्या कमानी पोत्यांची वाट पाहत असतात. ज्याला रविवारीं कुटुंबासह फेरफटका करावयाचा आहे त्यानें हलका सांगाडाच घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्याला खरोखरच विटा वाहावयाच्या आहेत त्याची गोष्ट निराळी. त्यानें हलक्या सांगाड्याला पट्ट्या ठोकून भीम बनविण्याच्या भरीस पडूं नये. तुळईच्या वरच्या आणि खालच्या दुमडींत ताण सर्वांत अधिक असतो. नेमकें तेथेंच भोंक पाडलें, किंवा उष्णतेनें कठीण केलेल्या पोलादाला वेल्डिंगची आंच लावली, कीं चीर तेथूनच सुरू होते. ती दिसत नाहीं, आणि दिसते तेव्हां बहुधा गाडी उतारावर असते.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशीं धागा जुळतो तो वेगळ्या रीतीनें. शिवडी येथें जनरल मोटर्सनें १९२८ सालीं जुळणीचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्यास मालमोटारी जुळविण्यास प्रारंभ केला. परंतु आपल्याकडे गिऱ्हाईक बहुधा नुसती चासी विकत घेई. हौदा आणि पुष्कळदां केबिनहि सुतार-लोहार आपल्या हातानें सागाची किंवा इतर लांकडाची बनवीत. त्यामुळें येथें लांकडी अंग दोनतीनदां बदललें तरी गाडी तीच राही; सरकारी नोंदपुस्तकांतहि चासीचा आंकडा तिची ओळख म्हणून लिहिला जातो.

अमेरिकेंत मात्र हीच गोष्ट घोटाळ्याची झाली आहे. एफ-१ चा क्रमांक फोर्डनें सांगाड्यावर ठोकला. शेव्हर्लेनें त्या काळच्या गाडीची पट्टी केबिनच्या दाराच्या खांबावर बसविली. म्हणजे केबिन उचलून दुसऱ्या सांगाड्यावर ठेवली, तर एका कंपनीची गाडी जुनें नांव मागें सोडून जाते आणि दुसरीची तें बरोबर घेऊन जाते! कागद एका गाडीचे आणि भार पेलणारें अंग दुसरीचें, अशी गाडी पुढें कोणी भोळा गिऱ्हाईक पाऊण टनाची समजून भरूं लागला तर अपराध कोणाचा म्हणावयाचा? आंखूड केलेल्या सांगाड्यांविषयीं माझा राग आहे तो यासाठींच. कापलेली जागा रंगाखालीं लपते, आणि विकणारा तिचा उच्चार करील याची शाश्वति नसते.

सांगाडा हलका निवडा कीं भारी, घेण्यापूर्वीं तो सपाट जमिनीवर चार समान ठोकळ्यांवर ठेवून एक दोरी घ्यावी. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ती ताणावी, गांठ मारावी, आणि तीच दोरी उलट कर्णावर लावून पाहावी. गांठ पाव इंचानें जरी चुकली, तरी सौदा तेथेंच थांबवून त्या गाडीनें आयुष्यांत काय काय वाहिलें याची चौकशी करावी.