मिरजेचे सतारमेकर

कोणत्याहि नामांकित गवयाचें चरित्र वाचावयास घेतलें, तर त्यांत तीन गोष्टी हटकून आढळतात: गुरूचें नांव, घराण्याची परंपरा आणि आश्रय देणाऱ्या दरबाराचा उल्लेख. चौथी गोष्ट मात्र क्वचितच सांपडते. ज्या तंबोऱ्याच्या झंकारांत त्या गवयाचा षड्ज पक्का झाला, तो तंबोरा कोणाच्या हातचा होता, हें चरित्रकार लिहीत नाहींत. आणि वाचकांसहि तें विचारावेंसें वाटत नाहीं. गाण्याचा इतिहास आपण गळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला. हातांना त्यांत जागा मिळाली नाहीं. ही उणीव ध्यानीं घेऊन मिरजेच्या तंतुवाद्यकारांविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही उणीव आजकालची नव्हे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. त्याच्या वाद्याध्यायांत वीणांचे प्रकार आणि त्यांची घडण यांचें विवेचन आलें आहे. वाद्य कसें असावें हें शास्त्रकारास सांगावयाचें होतें. तें घडविणारांच्या घराण्यांचा वृत्तांत देणें हा त्याचा विषयच नव्हता, व त्याबद्दल त्याला कोणी दोष देणार नाहीं. परंतु त्याच्यामागून शेंकडों वर्षांनीं आलेल्या इतिहासलेखकांनींहि तीच मर्यादा पाळावी, याला कांहीं समर्थन दिसत नाहीं.

मिरज हें कृष्णाकांठचें जुनें ठाणें. आदिलशाहींत येथील किल्ल्याला महत्त्व होतें. पेशवाईंत तो पटवर्धनांच्या ताब्यांत आला. पटवर्धन हे पेशव्यांच्या फौजेचे मोठे आधार. हैदर व टिपू यांच्यावरील मोहिमांत त्यांचीं पथकें आघाडीस असत. जेथें फौज तेथें शिकलगार असावयाचाच. पात्याचा गंज घासून काढणें, त्यास धार लावणें, चकाकी आणणें, ढिली झालेली मूठ पक्की बसविणें, हा त्याचा पिढीजाद धंदा. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. पटवर्धनांचें संस्थान राहिलें, पण मोहिमा संपल्या. आणि मोहिमा संपल्या तशी धार लावावयाच्या तरवारींची संख्याहि उतरत गेली. पुढें १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें तर रयतेच्या घरांतील शस्त्रेंहि परवान्याच्या कचाट्यांत सांपडलीं. शिकलगाराचें कसब त्याच्या हातांत तसेंच होतें; त्या कसबाला गिऱ्हाईक मात्र उरलें नव्हतें.

या अडचणींतून वाट कशी निघाली, याची हकीकत कारागिरांच्या घराण्यांतून परंपरेनें चालत आली आहे. दरबारीं येणाऱ्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचीं वाद्यें नादुरुस्त झालीं, म्हणजे तीं नीट करणारा माणूस जवळपास मिळत नसे. तें काम फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधु यांच्याकडे आलें. त्यांनीं मोडकीं वाद्यें उकलून पाहिलीं, त्यांचीं मापें हातांत बसविलीं, आणि दुरुस्तीवरून ते नव्या वाद्यांच्या घडणीकडे वळले. हा काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा धरतात. अशा कौटुंबिक हकीकतींत तपशील घटतात किंवा वाढतात, हें आम्ही जाणतों. परंतु तिचा गाभा खरा मानण्यास एक भक्कम साक्ष आहे, ती पुढें येईल.

तरवार टाकून सतार हातीं घेतली, असें या कथेचें तात्पर्य काढण्याचा मोह अनेकांस होतो. हिंसेवर कलेनें मिळविलेला विजय म्हणून ही कथा सांगितली कीं श्रोते माना डोलावतात. आम्हांस हें तात्पर्य फारसें पटत नाहीं. शिकलगारांनीं तरवार टाकली नाहीं. तरवारीनें त्यांना टाकलें. पोटासाठीं त्यांनीं दुसरें काम धरलें, आणि त्या कामांत जुन्या हातांनीं असें कांहीं करून दाखविलें कीं सबंध देशांतले गवई मिरजेची वाट विचारूं लागले. कारागिराला साधु ठरविल्यानें त्याचा गौरव होतो असें नाहीं. त्याचें काम समजून घेतल्यानेंच तो होतो.

तेव्हां आतां कामाकडे वळूं. तंबोऱ्याचा आरंभ मिरजेंत होत नाहीं. तो सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकांठच्या शेतांत होतो. तेथें वाद्यांसाठीं मोठ्या भोपळ्याचें खास पीक घेतात. हा भोपळा कडू. तो खाण्याच्या कामाचा नव्हे. वेलावरच तो पुरता जून व्हावा लागतो, व नंतर महिनेच्या महिने वाळावा लागतो. घेर चांगला, सालीची जाडी बेताची, कोठें कीड नाहीं, चीर नाहीं, असा भोपळा शेंकड्यांतून निवडावा लागतो. पुढें तो पाण्यांत भिजवून नरम करावयाचा, तोंड कापून आंतील गर व बिया खरवडून काढावयाच्या, आणि आंतून बांबूच्या काड्यांचा ताण देऊन हवा तो आकार येईपर्यंत पुन्हां वाळवावयाचा. निसर्गानें जो घेर दिला त्याप्रमाणें बाकीचें वाद्य बेतावें लागतें. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून एक तंबोराहि दुसऱ्यासारखा नसतो.

भोपळ्यावर लांकडाची तबली बसते, व गळ्याच्या जोडावर पोकळ दांडी चढते. या कामास तुणीचें लांकूड पसंत करतात. तें वजनास हलकें आणि चांगलें मुरलेलें असलें म्हणजे ऋतुमानानें वांकत नाहीं. तबली फार जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ओढीनें ती खचते. या दोहोंमधील नेमकी जागा कारागीर मापपट्टीनें ठरवीत नाहीं. बोटानें टिचकी मारून व कानानें ऐकून ठरवितो. मग नक्षी. पूर्वीं ही नक्षी हस्तिदंताची असे. त्या व्यापारावर कायद्यानें बंदी आल्यावर इतर द्रव्यें त्याच्या जागीं आलीं. शेवटीं लाखेच्या रोगणाचे हात. येथपर्यंतचें काम कुशल सुताराला समजण्यासारखें आहे. यापुढचें मात्र तसें नाहीं.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ धारदार नसते. ती रुंद असून तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या पाठीवर एका बिंदूस टेकून स्वस्थ राहत नाहीं. कंप पावतांना ती पाठीला हलकेच चाटत जाते. तारेखालीं सुताचा एक दोरा सारून ही जागा नेमकी साधतात. हीच जवारी. जवारी लागली म्हणजे एकाच तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अनुनाद उमलत जातात, आणि खर्जाच्या तारेंतून कोणी न छेडलेला गंधार कानीं पडतो. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं वीणा व तंबोरा यांच्या या घोडीविषयीं निबंध लिहिला. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राच्या रूढ नियमाप्रमाणें जे अनुनाद उमटूं नयेत, तेहि या वाद्यांत जोरानें उमटतात, व त्याचें कारण घोडीच्या वक्र पाठींत आहे, असें त्यांनीं दाखविलें. शास्त्रज्ञांस जें नवल वाटलें, तें मिरजेच्या कारखान्यांत त्यापूर्वीं दोन-तीन पिढ्या रोज कानसेनें सिद्ध होत होतें.

आम्हीं वर ज्या साक्षीचा उल्लेख केला ती येथें आहे. जवारी काढणें म्हणजे काय? कठीण द्रव्याच्या पाठीवरून कानस फिरवून, डोळ्यांस न दिसणारा उतार बोटांनीं ओळखून, तो केसाइतका कमी-अधिक करीत जाणें. पात्याला धार देणारा शिकलगार दुसरें काय करीत होता? पात्याचा उतार कोठें थांबवावा हें त्याच्या बोटांस ठाऊक होतें. घोडीच्या पाठीवर त्या बोटांस नवीन शिकावें लागलें तें इतकेंच, कीं आतां धारेची परीक्षा कानानें घ्यावयाची. हा धंदा सुतारांच्या घरीं न वाढतां शिकलगारांच्या घरीं वाढला, याचें कारण आमच्या मतें हेंच होय. दंतकथेंतील प्रसंग खरे असोत वा नसोत, हातांचा हा वारसा मात्र खरा वाटतो.

कारागीर चांगला झाला तो एकट्याच्या बळावर नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांचें मिरजेंत वास्तव्य होतें. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं येथेंच शिकले, १८९६ सालीं येथून बाहेर पडले, आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. दरबारांत कोंडलेलें गाणें शाळेंत आलें, तसें घरोघर तंबोरे व सतारी लागूं लागल्या. अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस येऊन राहिले. १९३७ सालीं त्यांचें देहावसान झालें, व येथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांस मूठमाती मिळाली. वाद्यांची दुरुस्ती हे खांसाहेब स्वतः जाणत, आणि असा गवई शेजारीं असला म्हणजे कारागिराला चूक लपवितां येत नाहीं. १९०५ सालीं मिरजेंतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर पुढें जाहीर जलशांतून गाऊं लागल्या. स्त्रियांचा स्वर चढा. त्यांच्यासाठीं लहान घेराचा, आंखूड दांडीचा तंबोरा लागतो, व तोहि येथें होऊं लागला.

याच सुमारास अगदी शेजारच्या सांगलीस कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींचें गणित मांडीत होते. त्यांचा इंग्रजी निबंध १९१० सालीं प्रसिद्ध झाला. श्रुतींच्या मापांवरून विद्वानांत पुढें बरीच वर्षें वाद माजला. त्या वादाचा वृत्तांत ग्रंथांतून मिळतो. ज्यांच्या हातांवर विद्वानांचें ऐकणें अवलंबून होतें, त्यांचें म्हणणें मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं.

त्यांचा लेख एकच उरला आहे, व तो त्यांच्या आडनांवांत आहे. शिकलगारांच्या कित्येक घरांनीं ‘सतारमेकर’ हें आडनांव धारण केलें. अर्धें देशी, अर्धें इंग्रजी असें हें जोडनांव शुद्धिप्रियांस खटकेल. आम्हांस तें दस्तऐवजासारखें वाटतें. जुन्या धंद्याचें नांव टाकून नव्याचें घेतलें, आणि तें घेतांना ज्याचें राज्य आलें होतें त्याच्या भाषेंतला शब्द जोडला. शंभर वर्षांचा इतिहास एका शब्दांत बसला.

आजची स्थिति काय आहे? २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. दुसऱ्या गांवच्या मालावर मिरजेचें नांव लावण्यास त्यामुळें कायद्याचा अडसर आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मानांकन गांवाच्या नांवाचें रक्षण करतें. हातांचें रक्षण करणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. विजेवर चालणारा तंबोरा गेल्या कांहीं दशकांत घरोघर पोंचला, व आतां तर खिशांतल्या दूरध्वनींतूनहि षड्ज-पंचम ऐकूं येतात. तो स्वस्त आहे, प्रवासांत सोयीचा आहे, व त्याची तार तुटत नाहीं. त्याला नांवें ठेवण्यांत आम्हांस स्वारस्य नाहीं. पण ज्या विद्यार्थ्यानें तंबोरा कधीं जुळविलाच नाहीं, त्याला जवारी उतरली हें कळणार नाहीं. आणि तें ज्याला कळत नाहीं तो कारागिराकडे जाणारहि नाहीं. तारांच्या घर्षणानें घोडीची पाठ झिजते, व वेळोवेळीं नव्यानें जवारी काढावी लागते. या येण्याजाण्यावरच गवई व कारागीर यांचा संबंध आजवर टिकला होता. तो तुटला तर कारखान्यांत शोभेचे तंबोरे होत राहतील, पण गंधार ऐकणारा कान तेथें उरणार नाहीं.

म्हणून आमचें मागणें लहानसें आहे. ज्यांच्या घरीं मिरजेचा जुना तंबोरा आहे, त्यांनीं तो कोणी व कोणत्या सालीं घडविला याची चौकशी करून ठेवावी. गवयांनीं आपल्या आठवणी लिहितांना गुरूच्या नांवाखालीं एक ओळ वाद्यकारासाठीं राखावी. आणि आमच्या तरुण इतिहाससंशोधकांनीं दप्तरें चाळण्याच्या कामांतून चार दिवस काढून मिरजेच्या कारखान्यांत जाऊन बसावें. वृद्ध कारागिरांची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावी. दप्तर आणखी पन्नास वर्षें वाट पाहील. हे वृद्ध तितके दिवस थांबणारे नाहींत.