लिपीपूर्व समाज आणि अग्गञ्ञ सुत्त

ज्या समाजाजवळ लिपी नाही त्याच्याजवळ संस्कृतीही नाही, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्यांनाच या समजाचे चटके सोसावे लागले. म्हणून लिपीपूर्व संस्कृतीचा विचार केवळ पुरातत्त्वज्ञांपुरता मर्यादित राहू शकत नाही.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या कालखंडात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. या लोकांनी एकही अक्षर मागे ठेवले नाही. तरीही ते जव पिकवीत, कालवा खोदून पाणी वळवीत आणि मडक्यांवर नक्षी रंगवीत. मृत बालकाला दोन कुंभांत ठेवून, त्या कुंभांची तोंडे एकमेकांस जुळवून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. हा विधी पिढ्यानपिढ्या चालत राहिला. वडीलधाऱ्यांनी दाखवावे आणि मुलांनी पाहून शिकावे, हीच त्यांची पाठशाळा होती.

याच वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याच्या लगत धान्याचे कोठार सापडले. ते गावप्रमुखाचे घर असावे, असे उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांचे मत होते. धान्याचा साठा आणि सत्ता यांची ही जवळीक पाहून पालीच्या अभ्यासकाला दीघनिकायातील २७ व्या सुत्ताची आठवण होते.

भिक्षुजीवन स्वीकारू पाहणाऱ्या वासेट्ठ व भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांची स्वजातीय निंदा करीत होते. त्यांना तथागतांनी मानवसमाजाच्या उत्पत्तीची कथा सांगितली. प्रारंभी लोक सकाळ-संध्याकाळ लागेल तेवढेच तांदूळ आणीत. पुढे एकाने आळसाने दोन्ही वेळचे एकदम आणले. त्याचे पाहून इतर साठा करू लागले. साठ्यातून शेताच्या सीमा आल्या, सीमांतून चोरी, आणि चोरीतून असत्य व दंड. अखेर लोकांनी आपल्यातूनच एकाची निवड केली. तो महासम्मत होय. वर्णांची नावेही अशीच कर्मावरून पडली.

हे सुत्त म्हणजे उत्खननाचा अहवाल नव्हे. जन्मश्रेष्ठतेच्या दाव्याला दिलेले ते उत्तर आहे. परंतु समाजाची घडण कोणा देवाच्या मुखातून झालेली नसून माणसांच्या व्यवहारातून झाली, हे त्याचे मूलसूत्र आहे. जे माणसांनी घडविले ते माणसांना बदलताही येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सुत्तही दीर्घकाळ अलिखितच होते. दीघभाणकांनी ते कंठस्थ करून शिष्यांना दिले. सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इ.स.पू. पहिल्या शतकात, तिपिटक ग्रंथबद्ध झाले. तोवर बुद्धवचन स्मृती आणि सामूहिक संगायन यांच्याच आधारे टिकून होते. ज्या परंपरेचा पायाच मौखिक आहे, तिच्या अनुयायांनी तरी अक्षरहीनाला संस्कृतिहीन म्हणू नये.