चिखल चोळलेला चेंडू

बेसबॉलचा कोरा चेंडू मोठा देखणा असतो. पांढरंशुभ्र गाईचं कातडं, त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके, वजन १४५ ग्रॅमच्या आसपास. कोस्टारिकातल्या तुरियाल्बा गावच्या कारखान्यात हे टाके आजही हातानेच घातले जातात. आणि अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये असा चेंडू खोक्यातून बाहेर आला, की सगळ्यात आधी त्याला चिखल फासतात. एकेक चेंडू तळहातावर घेऊन, न्यू जर्सी राज्यातल्या एका ओढ्याचा गाळ लावून चोळायचा. ही कुणा संघाची श्रद्धा-बिद्धा नाही, खेळाचा नियम आहे. चकाकी गेल्याशिवाय चेंडू मैदानात उतरत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्यांना हे उफराटं वाटेल. तिथे चकाकी टिकवण्यासाठी गोलंदाज दिवसभर चेंडू पँटीवर घासत बसतो, आणि ऐंशी षटकं तोच चेंडू चालवतो. बेसबॉलमध्ये चेंडू जमिनीला टप्पा खाऊन मळला, की पंच तो बाजूला काढतात. एका सामन्यात शंभराहून जास्त चेंडू सहज लागतात. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, १८.४४ मीटरवरून, टप्पा न पाडता, अनेकदा ताशी दीडशे किलोमीटरच्या वर चेंडू फेकतो. तो आत वळणार की शेवटच्या क्षणी खाली बसणार, हे बोटांची टोकं शिवणीवर कुठे आणि किती दाबली यावर ठरतं. खेळाचा सगळा थरार या दोन-तीन बोटांत आहे. गुळगुळीत चेंडू तिथून निसटला, तर समोरच्या माणसाच्या डोक्यावर जाऊ शकतो.

गंमत अशी, की एके काळी अडचण बरोबर उलटी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत एकच चेंडू डावामागून डाव चाले. पिचर त्याला थुंकी लावत, तंबाखूचा रस लावत, ज्येष्ठमधाची काळी गोळी चघळून तिचा रंग फासत. कुणी चिखलात लोळवी, कुणी एमरी पेपरने एक बाजू खरवडून काढी. दुपार कलायला लागली की तो काळपट, ओबडधोबड गोळा फलंदाजाला धड दिसतही नसे. पिचरची अर्थातच चंगळ होती. थुंकी लावण्यावर १९२० च्या हंगामाआधी बंदी आली खरी; पण त्यावरच पोट असलेल्या १७ पिचरना निवृत्तीपर्यंत मुभा मिळाली. त्यांतला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, थेट १९३४ पर्यंत राजरोस ओला चेंडू टाकत राहिला.

१६ ऑगस्ट १९२० ला न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर यांकीज आणि क्लीव्हलंड यांचा सामना होता. यांकीजचा पिचर कार्ल मेज हात जवळजवळ जमिनीलगत आणून, खालून चेंडू सोडायचा. पाचव्या डावात त्याचा एक चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या कानशिलावर बसला. चॅपमन जागचा हललाच नाही. बहुधा चेंडू त्याला दिसलाच नव्हता. आवाज इतका मोठा झाला, की बॅटला लागला असं समजून मेजने परतून आलेला चेंडू उचलला आणि फलंदाज बाद करायला पहिल्या बेसकडे फेकला. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे रुग्णालयात मरण पावला. वय २९. मेजर लीगच्या सामन्यात चेंडू लागून दगावलेला तो आजवरचा एकमेव खेळाडू. मेजने कारकिर्दीत २०७ सामने जिंकले. हॉल ऑफ फेममध्ये मात्र त्याला जागा मिळाली नाही.

याआधी थोडेच दिवस क्लबमालकांनी कुरकुर केली होती, की पंच फार चेंडू बाद करतात, खर्च परवडत नाही. चॅपमन गेल्यावर ती कुरकुर कुणी ऐकून घेतली नसती. मळलेला चेंडू ताबडतोब बदलायचा, हा दंडक पडला.

नऊच महिन्यांनी, मे १९२१ मध्ये, त्याच पोलो ग्राउंड्सवर दुसरी एक घटना घडली. रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकाने स्टँडमध्ये आलेला चेंडू पकडला. तेव्हा असा चेंडू परत द्यावा लागे. बर्मनने तो दिला नाही. हुज्जत घालत मागच्या गर्दीत फेकून दिला. यजमान जायंट्स क्लबच्या माणसांनी त्याला बाहेर काढलं, तर हा पठ्ठ्या थेट कोर्टात गेला. नुकसानभरपाई मागितली २०,००० डॉलर, मिळाली १००. पण जिंकला. काही क्लबांनी त्याआधीच चेंडू प्रेक्षकांना ठेवू द्यायला सुरुवात केली होती. या खटल्याने बाकीच्यांनाही शहाणपण शिकवलं. तरी फिलाडेल्फियात त्यानंतरही अकरा वर्षांच्या एका मुलाला चेंडू खिशात घातला म्हणून रात्रभर कोठडीत ठेवलं गेलं होतं. न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. आज स्टँडमध्ये माणसं हातमोजा घालून, चेंडूची वाट बघत बसतात.

चेंडू भराभर बदलायला लागल्यावर नवं दुखणं उपटलं. कारखान्यातून येणाऱ्या चेंडूचं कातडं तुळतुळीत. पिचरच्या हाताला पकडच मिळेना. मग पंच मैदानातलीच माती पाण्यात कालवून चोळू लागले. कुणी तंबाखूचा रस वापरून पाहिला, कुणी बुटाचं पॉलिश. त्याने एक तर कातडं खरवडलं जाई, नाही तर चेंडू पुन्हा काळा पडे, म्हणजे चॅपमनच्या दिवसावर परत.

यावरचा उतारा सापडला १९३८ मध्ये. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा कोच लीना ब्लॅकबर्न याच्यापाशी एका पंचाने हे रडगाणं गायलं. ब्लॅकबर्न जुना खेळाडू, मध्यंतरी शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजरही होता. तो वाढला डेलावेअर नदीच्या काठी, न्यू जर्सीतल्या पामायरा गावात. नदीला मिळणाऱ्या ओढ्यातला गाळ त्याच्या लहानपणापासून पायाखालचा. त्याने तो आणून चेंडूला लावला. चकाकी गेली, पकड आली, कातड्यावर ओरखडा नाही आणि रंगही फारसा बदलला नाही. बघता बघता मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगचे सगळे क्लब त्याच्याकडून गाळ घेऊ लागले. दुसऱ्या शाखेला, नॅशनल लीगला, मात्र पठ्ठ्याने पन्नाशीच्या दशकापर्यंत तो विकला नाही. जीव अमेरिकन लीगवर जडलेला. निष्ठा चिखलातही उतरते.

ब्लॅकबर्न १९६८ मध्ये वारला. त्याने हा धंदा मित्राकडे, जॉन हासकडे सोपवला होता. हासकडून तो जावयाकडे, म्हणजे बिंटलिफ घराण्यात गेला. जिम बिंटलिफ ओहोटीची वेळ साधून बादल्या आणि फावडं घेऊन ओढ्यात उतरतो. जागा गुप्त आहे. कुणी हटकलंच, तर बागेसाठी नेतोय असं सांगून मोकळा होतो. घरी आणलेला गाळ तो चाळून पालापाचोळा वेगळा करतो, मुरत ठेवतो आणि वर साचलेलं पाणी काढत राहतो. उरतो तो लोण्यासारखा मऊ, दाट लगदा. अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेल्या लीगचे तीसही संघ एका माणसाच्या फावड्यावर विसंबून आहेत, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

लीगला पर्याय नको होता असंही नाही. जपानच्या व्यावसायिक लीगमधला चेंडू मुळातच जरा चिकट असतो. तसाच चेंडू तयार करून खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये वापरून पाहिला गेला. २०२१ मध्ये पिचर बोटांना भलतेसलते चिकट पदार्थ फासतात म्हणून गहजब झाला, पंच सामना थांबवून त्यांच्या टोप्या आणि पट्टे तपासू लागले, तेव्हा चिखलाची सद्दी संपणार असं वाटलं होतं. झालं भलतंच. २०२२ मध्ये चिखल कसा लावायचा याचे नियम आणखी कडक झाले: सामन्याच्याच दिवशी, सगळे चेंडू तीन तासांच्या आत, आणि प्रत्येक चेंडू निदान तीस सेकंद चोळायचा.

या गाळात असं आहे तरी काय, याचा छडा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लावला. श्रवण प्रदीप, पाउलो अराटिया आणि डग्लस जेरोलमॅक यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ओला असताना हा गाळ दाबाखाली पातळ होतो आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमसारखा सहज पसरतो. कातड्याची सूक्ष्म छिद्रं बुजवून वाळला, की त्यातल्या चिकणमातीने पृष्ठभागाला चिकटपणा येतो. शिवाय वाळूचे मोजकेच बारीक कण कातड्याला पक्के चिकटून बसतात आणि बोटांना घर्षण देतात. चिकणमाती, वाळू आणि पाणी यांचं प्रमाण ओढ्याने जमवलेलं. प्रयोगशाळेत मुद्दाम काही घडवावं लागलं नव्हतं.

संग्राहकांच्या बाजारात मात्र या मळकेपणाला भाव येण्याआधी एक मोठी लबाडी उघडकीला यावी लागली. नव्वदच्या दशकात खेळाडूंच्या सह्यांचा धंदा फोफावला होता. सॅन दिएगो पाद्रेसचा टोनी ग्विन याला आपल्याच स्टेडियमच्या दुकानात आपल्याच खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढली, तेव्हा एक अख्खी टोळी हाती लागली. बेब रूथसारख्या कधीच्या दिवंगत खेळाडूच्या सहीचा चेंडू जुना वाटावा म्हणून ही मंडळी त्याला लाखेचा हात देत आणि कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीत ठेवून कुबट वास आणत. बनावट मालात चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते. ते विकत घेणाऱ्याच्या मनात नक्की काय चाललं असेल, हा वेगळाच विषय.

त्यानंतर २००१ पासून मेजर लीगने स्वतःच खात्री पटवून द्यायची पद्धत सुरू केली. पोलीस खात्यात काम केलेली माणसं सामन्यात हजर असतात. ज्या चेंडूचा प्रवास त्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यालाच क्रमांक असलेला होलोग्राम चिकटतो. सहीसाठी संग्राहक अजूनही कोरा पांढरा चेंडू धरतो. पण प्रत्यक्ष खेळला गेलेला चेंडू हवा असेल, तर त्याला तो पिवळसर, मातकट हवा असतो. खोक्यातल्या पांढऱ्या चेंडूला मेजर लीगच्या सामन्यात वापरलेला म्हणून खपवणं त्यामुळे जरा अवघडच.

या बाजारात पिचरच्या वाट्याला काय येतं, हे पाहिलं की थोडं वाईट वाटतं. शोहेई ओतानीने सप्टेंबर २०२४ मध्ये मायामीत मोसमातला पन्नासावा होम रन मारला; तो चेंडू लिलावात ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला. ओतानी स्वतःही नावाजलेला पिचर आहे, पण भाव आला तो त्याच्या बॅटला. चेंडू टाकणारा माइक बॉमन त्या बातमीच्या तळाशी कुठेतरी सापडतो. उलट बाजूचं उदाहरण डॉन लार्सनचं. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देता त्याने अख्खा सामना जिंकला. वर्ल्ड सिरीजमध्ये ते पुन्हा कुणाला साधलेलं नाही. त्या दिवशीचा गणवेश त्याने २०१२ मध्ये विकायला काढला. मिळाले ७,५६,००० डॉलर, आणि ते नातवंडांच्या शिक्षणासाठी हवे होते.

एरवी रोजच्या सामन्यात पिचर चेंडू बोटांत फिरवतो, नाक मुरडतो आणि पंचांकडे दुसरा मागतो. नाकारलेला चेंडू डगआउटकडे जातो, तिथे त्याला होलोग्राम लागतो. मग कुणाला, कितव्या डावात, कोणत्या प्रकारे टाकलेला चेंडू, एवढी नोंद होऊन तो विक्रीला निघतो.