नाण्यावरचा किल्ला

एका संग्राहक मित्राने मागे आमच्या तळहातावर फ्रान्सचे जुने चांदीचे नाणे ठेवले. नवव्या लुईने 1266 साली सुरू केलेला हा 'ग्रो तूर्नुआ'. वजन सुमारे 4 ग्रॅम. एका बाजूस क्रूस व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस बुरुजांची चिमुकली इमारत आणि भोवती लिलीची फुले. राजाचा चेहरा कोठेच नाही. त्याचे काम ही इमारतच करते.

तिचे मूळ देवळात आहे, असे नाणेतज्ज्ञ मानतात. नवव्या शतकात शार्लमेनचा मुलगा लुई याने आपल्या नाण्यांवर चार खांबांचे मंदिर काढून भोवती 'ख्रिस्ती धर्म' अशी अक्षरे घातली. पुढे तूर शहरातील सेंट मार्टिनच्या मठाच्या टाकसाळीत नकलेची नक्कल होता होता देवळाचा किल्ला झाला. 1204 च्या सुमारास फिलिप ऑगस्टसने इंग्लंडच्या राजाकडून तो मुलूख घेतला, तेव्हा हे नाणेही राजाचे झाले. चित्र त्याने मोडले नाही. लोकांच्या ओळखीचे चित्र कोण शहाणा मोडील?

पण चित्र पाहून भागत नाही. आत चांदी किती, हे पाहावे लागते. लुईच्या वेळी एका ग्रोला बारा दनिए पडत. त्याचा नातू चौथा फिलिप याने लढायांच्या खर्चासाठी 1295 पासून हलकी नाणी पाडली, आणि दहाएक वर्षांत एका ग्रोला तिपटीहून अधिक दनिए मोजावे लागू लागले. दनिएवरचा किल्ला मात्र उभाच! पगाराचा आकडा आणि पगाराची किंमत या दोन गोष्टी आहेत, हे कामगारांना समजावण्यात आमची अर्धी हयात गेली. म्हणून हे प्रकरण आम्हांस परके वाटत नाही.

1306 साली फिलिपने पुन्हा चांगले नाणे आणले. यात वाईट ते काय, असे आपण विचाराल. हलक्या नाण्यात ठरलेले घरभाडे पॅरिसचे घरमालक आता जड नाण्यात मागू लागले. म्हणजे भाडे एकदम तिप्पट. वर्षअखेरीस विणकर, लोकर खुंदळणारे, गुत्तेवाले रस्त्यावर आले. त्यांनी एत्येन बार्बेत या धनिकाचे घर लुटले, आणि टेंपल नावाच्या गढीत असलेल्या राजालाच कोंडले. त्याच्यासाठी चाललेले अन्न चिखलात फेकले. ज्याच्या नाण्यावर किल्ला, तो खऱ्या बुरुजाआड उपाशी!

हे फार वेळ टिकले नाही. जानेवारी 1307 मध्ये अठ्ठावीस जणांना पॅरिसच्या वेशींवर फाशी देण्यात आले.