तीन हॅरिस आणि एक वाक्य

माझं पोटापाण्याचं काम माहितीपुस्तिकांचं आहे. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात तयार झालेली यंत्रं तुमकूर रस्त्यानं कोल्हापूरला, पुण्याला, चाकणला जातात आणि त्यांच्या सोबत जाणारा मराठी मजकूर मी लिहिते. ‘झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.’ अशा वाक्यात कर्ता कोण, हा प्रश्न कुणाला पडत नाही. कर्ता म्हणजे मशीनसमोर उभा असलेला माणूस. बोट तुटलं तर त्याचं तुटणार.

गेल्या वर्षी मात्र एका वाक्याच्या कर्त्यापाशी मी चार दिवस अडले. त्रिनिदाद बेटावर गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांविषयीचा एक इंग्रजी लेख मराठीत करत होते. त्यात तिथल्या गव्हर्नराचं एक वाक्य आलं. लॉर्ड हॅरिस हा १८४६ ते १८५४ त्रिनिदादचा गव्हर्नर. गुलामगिरी उठून दहा वर्षं झाल्यावर, १८४८ मध्ये, त्यानं लंडनला लिहिलं की एक ‘रेस’ मुक्त केली गेली आहे, पण ‘सोसायटी’ बनलेली नाही. कॅरिबियन इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य वारंवार भेटतं. इंग्रजीत त्याची दोन्ही क्रियापदं कर्मणी आहेत, कर्ता कुठेच नाही. मराठीत आपल्याला निवड करावी लागते : समाज घडला नाही, की समाज घडवला नाही? पहिल्यात दोष कुणाचाच नाही. दुसऱ्यात तो कुणाचा तरी आहे, आणि वाक्य लिहिणारा स्वतःच त्या बेटाचा सर्वाधिकारी आहे.

आधी हा हॅरिस कोण ते पाहावं म्हणून त्याचा पूर्ण किताब शोधला, आणि खुर्चीत सरळ बसले. ‘श्रीरंगपट्टण आणि म्हैसूरचा बॅरन हॅरिस’. म्हणजे मी बसले होते तो मुलूख किताबात घेऊन हा माणूस अर्ध्या जगापलीकडे राज्य करायला गेला होता. किताब आजोबाचा. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू सुलतान मारला गेला, त्या मोहिमेचा सरसेनापती जनरल जॉर्ज हॅरिस. आपल्या आठवणीत त्या लढाईचं श्रेय वेलस्ली भावांकडे जातं, पण फौज हॅरिसच्या हाताखाली होती. लुटीच्या वाटपात सरसेनापतीचा वाटा मोठा होता. कंपनीशी त्यावरून कोर्टकज्जाही झाला. १८०१ मध्ये त्यानं केंट परगण्यात बेलमाँट नावाची इस्टेट घेतली आणि १८१५ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. त्रिनिदादचा गव्हर्नर हा त्याचा नातू, तिसरा बॅरन.

या घराण्यांच्या वाटा अशाच एकमेकींत गुंतलेल्या असतात. १७९७ मध्ये स्पेनकडून त्रिनिदाद जिंकून घेणारा सर राल्फ ॲबरक्रोम्बी. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट १७९० ते १७९२ मुंबईचा गव्हर्नर होता आणि १७९२ मध्ये मुंबईची फौज घेऊन श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यात दाखल झाला होता. एक भाऊ कावेरीकाठी, दुसरा कॅरिबियन समुद्रात. आपण इतिहास शाळेत प्रांतवार शिकतो, त्यामुळे हे दोघे कधी एका पानावर येत नाहीत.

हॅरिस पोर्ट ऑफ स्पेनमध्ये उतरला तेव्हा बेटाची अवस्था विलक्षण होती. कायदे बरेचसे स्पॅनिश, मळेवाले बहुतांशी फ्रेंच बोलणारे कॅथलिक, अधिकारी इंग्रज प्रॉटेस्टंट, आणि १८३८ पासून पूर्ण स्वतंत्र झालेले आफ्रिकी वंशाचे लोक, ज्यांना मळ्यावर पुन्हा त्याच मजुरीनं राबायचं नव्हतं. म्हणून मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर घेऊन तिथे लागलं. तेव्हा गव्हर्नर होता हेन्री मॅक्लाउड. हॅरिस वर्षभरानं आला. १९१७ पर्यंत या वाटेनं सुमारे १ लाख ४४ हजार माणसं त्रिनिदादला गेली.

या करारालाच पुढे ‘गिरमिट’ म्हणू लागले, ॲग्रीमेंटचा अपभ्रंश. पीण्यात हा शब्द मला तीन अर्थांनी भेटतो. आमच्या घरी गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. कंपनीच्या फाटकाबाहेर हुबळीकडचा गाडीवाला चुरमुऱ्यांचं गिरमिट विकतो. आणि अनुवादात तो करार. गाडीभोवती उभी असलेली पोरं, कुणी रायचूरचं, कुणी ओडिशाचं, ठेकेदाराकडून आलेली असतात. ती स्वतःला ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणवतात. माणसाचं नावच करार.

हॅरिसनं या मजुरांसाठी १८४६ मध्ये नियमावली केली. मालकाच्या चिठ्ठीशिवाय मजुरानं मळा सोडायचा नाही, ही तिची मुख्य कलमं. गुलामगिरीविरोधी मंडळींनी लंडनमध्ये ओरड केली आणि वसाहतमंत्री अर्ल ग्रे यानं ती नामंजूर केली. हॅरिसला वाटत होतं की आपण या परक्या लोकांची काळजीच घेतो आहोत. तेव्हा ‘समाज बनलेला नाही’ असं म्हणणाऱ्याच्या मनात समाजाची कल्पना काय होती, ते इथे थोडं दिसतं : माणसं जागच्या जागी राहिली पाहिजेत.

पण एवढ्यावर त्याला निकालात काढणं अन्यायाचं होईल. त्यानं बेटाचे वॉर्ड पाडले, वॉर्डाच्या करातून रस्ते आणि शाळा चालवायची व्यवस्था केली, राजधानीत सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. मला महत्त्वाच्या वाटतात त्या या वॉर्डशाळा. त्यांत धर्मशिक्षण नाही, असा नियम त्यानं केला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, फ्रेंच बोलणारे आणि इंग्रजी बोलणारे, सगळ्यांची मुलं एका बाकावर बसली तर काही पिढ्यांनी एक समाज होईल, असा हिशेब होता. चर्चनं विरोध केला. हिंदुस्थानी मजुरांची मुलं त्या बाकांवर जवळपास पोचलीच नाहीत. १८६६ मध्ये आलेला गव्हर्नर आर्थर गॉर्डन यानं ही घडी मोडली आणि १८७० पासून धर्मसंस्थांच्या शाळांना सरकारी मदत मिळू लागली. हाच गॉर्डन पुढे मॉरिशसचा गव्हर्नर झाला, जिथे मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबं उसाच्या शेतात होती, आणि त्यानंतर फिजीचा, जिथे १८७९ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज आलं. एका बेटावरचा धडा दुसऱ्या बेटावर गिरवायची ही पद्धत होती. हॅरिसही त्रिनिदादहून थेट मद्रासला गव्हर्नर म्हणून आला, १८५४ ते १८५९.

आता तिसरा हॅरिस, आणि मराठी वाचकाला फक्त हाच ओळखीचा. १८५१ मध्ये, बाप गव्हर्नर असताना, पोर्ट ऑफ स्पेनजवळ सेंट ॲन इथे त्याला मुलगा झाला : जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस. आई तिथल्याच आर्चडीकनची मुलगी, ती १८५३ मध्ये वारली. मुलगा मोठा होऊन केंटचा आणि इंग्लंडचा क्रिकेट कप्तान झाला आणि १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर. मुंबईतल्या शाळांची ‘हॅरिस शील्ड’ ती याच्या नावाची. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती याच स्पर्धेत. हॅरिस हे नाव मीही प्रथम तेव्हाच वाचलं आणि ते एखाद्या क्रिकेटवेड्या शाळामास्तराचं असावं असं समजले.

आझाद मैदान ज्या एस्प्लनेडचा भाग, त्याच मैदानावरून हॅरिसच्या आधीपासून एक भांडण चालू होतं. हिंदू आणि पारशी पोरं तिथे क्रिकेट खेळत. गोरे लोक तिथेच पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची माती होई. पोलो हलवा, असे अर्ज सह्यांनिशी गेले. क्रिकेटचा एवढा भक्त गव्हर्नर झाल्यावर न्याय मिळेल असं अर्जदारांना वाटलं असणार. त्यानं अर्ज फेटाळला. मात्र समुद्र हटवून तयार झालेल्या केनेडी सी फेसवर, जिथे पारशी जिमखान्याला आधीच जागा मिळाली होती, तिथे त्याच्या काळात मुसलमानांना आणि हिंदूंनाही भूखंड मिळाले. त्याचा शेरा असा होता की एकाला दिल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार. पण प्रत्येक ‘नॅशनॅलिटी’चा एक जिमखाना झाला की त्यानंतर कुणाला काही द्यायचं नाही. हिंदू, मुसलमान, पारशी यांच्यासाठी त्यानं वापरलेला शब्द ‘नॅशनॅलिटी’. हाही मराठीत आणायला बसा, म्हणजे कळेल.

बापाला वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका बाकावर हवी होती. मुलाच्या काळात तीन धर्मांची तीन मैदानं ओळीनं आखून पुरी झाली. मरीन ड्राइव्हवरून जाताना ती आजही एकापुढे एक दिसतात. मला मुलगा बापापेक्षा दुष्ट वाटत नाही. तो आळशी प्रशासक वाटतो. समाज घडवायच्या भानगडीत पडण्यापेक्षा जे गट दिसतात त्यांना एकेक कुंपण घालून देणं सोपं असतं.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा पेटला तेव्हा हॅरिस गणेशखिंडीत, म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे होता. तो नवव्या दिवशी मुंबईला आला, आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या सामन्यासाठी, असं सांगितलं जातं. लोकमान्य टिळकांनी दोष सरकारी धोरणाला दिला, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात याच दिवसांतली. तेव्हा गिरणगावात शांततेसाठी फिरत होते नारायण मेघाजी लोखंडे. हॅरिस गव्हर्नर झाला त्याच एप्रिलमध्ये, १८९० साली, लोखंड्यांनी हजारो गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी केली होती, आणि ती पुढे मान्य झाली. दंग्यातल्या कामासाठी सरकारनं त्यांना पुढे रावबहादूर केलं. समाज घडवण्याचं काम त्या आठवड्यात कोण करत होतं, हे सरकारलाही कळलं होतं म्हणायचं.

कुंपणांच्या आत काय होतं, त्यासाठी पाळवणकर बाळूंकडे पाहावं. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज हिंदूंसाठी खेळला, १९०६ मध्ये हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं त्यात होता. त्याआधी पुण्यात संघातल्या इतरांपासून दूर, मैदानाबाहेर त्यांना मातीच्या भांड्यात चहा मिळे. कप्तानपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांच्या वाट्याला आलं. आणि त्याच काळात, हॅरिसच्या जन्मगावी, सी. एल. आर. जेम्स नावाचा शाळकरी मुलगा पोर्ट ऑफ स्पेनचे क्लब कातडीच्या छटेप्रमाणे लागलेले पाहत होता : गोऱ्यांचा क्वीन्स पार्क, सावळ्या मध्यमवर्गाचा मेपल, काळ्या मध्यमवर्गाचा शॅनन, सगळ्यांत गरिबांचा स्टिंगो. १९६३ मध्ये ‘बियाँड अ बाउंडरी’त त्यानं ते सगळं मांडलं. मुंबईत धर्म, तिथे रंग, आखणी ओळखीची.

मार्च १९७१ मध्ये क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला प्रथमच हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी शतक केलं, सुनील गावसकरचं पदार्पण झालं. मजुरांची पणतवंडं प्रेक्षकांत होती आणि आपण कुणाच्या बाजूनं ओरडायचं हा त्यांच्यापुढचा पेच त्रिनिदादमध्ये पुढेही बराच चर्चिला गेला. हॅरिसच्या वाक्यातली ‘मुक्त केली गेलेली’ रेस ही नव्हती. ही माणसं त्या वाक्यात कुठेच नव्हती, जरी ती बेटावर येऊन तीन वर्षं झाली होती.

शेवटी ‘रेस’साठी ‘वंश’ लिहिलं, बरं वाटलं नाही तरी. दुसऱ्या अर्ध्यासाठी ‘समाज घडवला गेला नाही’. संपादकांनी ‘घडला नाही’ सुचवलं, कानाला तेच सहज लागतं म्हणून. कानाचं त्यांचं म्हणणं खरं होतं. मी ‘घडवला’ ठेवलं.