'१३ बी' : भयाचा पत्ता बदलणारा चित्रपट

विक्रम कुमार दिग्दर्शित '१३ बी' हा भयपट ६ मार्च २००९ रोजी प्रदर्शित झाला. हिंदी आणि तमिळ अशा दोन भाषांत एकाच वेळी चित्रित झालेल्या या चित्रपटाचे तमिळ नाव 'यावरुम नलम' असून त्याचा अर्थ 'सर्व जण कुशल' असा होतो. दोन्ही आवृत्त्यांत आर. माधवन व नीतू चंद्रा यांच्या प्रमुख भूमिका आहेत.

मनोहर हा तरुण आई, पत्नी, भाऊ-वहिनी, त्यांची मुले आणि बहीण यांच्यासह तेराव्या मजल्यावरील नव्या सदनिकेत राहावयास येतो. आरंभीचे संकेत किरकोळ भासतात. दूध नासते, देवघराच्या भिंतीत खिळा ठोकला जात नाही, मनोहर एकटा असला की लिफ्ट चालत नाही आणि घरात मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रात त्याचा चेहरा विद्रूप उमटतो.

रोज दुपारी एक वाजता घरातील स्त्रिया 'सब खैरियत' ही मालिका पाहतात. तिच्यातील कुटुंबात जे घडते, तेच आपल्या घरीही घडत आहे, हे केवळ मनोहरच्या ध्यानात येते. प्रारंभी परीक्षेतील यश आणि नोकरीतील बढती अशा शुभवार्ता येतात; पुढे कथानक वळण घेते, तेव्हा उद्याचा भाग पाहणे त्याला टाळता येत नाही आणि घरच्यांना सांगणेही शक्य होत नाही. ही मालिका फक्त याच घरात दिसते, हे उमगल्यावर तो शोध घेऊ लागतो. त्या शोधाचा धागा १९७७ मध्ये त्याच जागी झालेल्या एका कुटुंबाच्या हत्याकांडापर्यंत पोहोचतो. कुटुंबाचे परिचित डॉ. शिंदे यांची महत्त्वाची भूमिका मराठी अभिनेते सचिन खेडेकर यांनी साकारली आहे.

छायाचित्रण पी. सी. श्रीराम यांचे, संकलन श्रीकर प्रसाद यांचे, तर संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे आहे. विक्रम कुमार यांनी पुढे 'मनम' (२०१४) आणि '२४' (२०१६) हे चित्रपट दिग्दर्शित केले.

रामसे बंधूंच्या 'पुरानी हवेली' (१९८९) सारख्या चित्रपटांत भय ओसाड वाड्यात वसत असे. राम गोपाल वर्मा यांच्या 'भूत' (२००३) ने ते शहरातील सदनिकेत आणले. '१३ बी' ने त्यापुढे जाऊन ते दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचात बसवले. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही दीर्घ मालिका नोव्हेंबर २००८ मध्ये संपली होती. दैनंदिन मालिकांची सवय घराघरांत रुजलेल्या त्या काळात हा चित्रपट आला. त्यातील कुटुंबाने भयाला स्वतः आमंत्रण दिलेले नाही. ते केवळ नव्या घरात एकत्र बसून मालिका पाहते. प्रेक्षकाला आपल्याही घराची आठवण व्हावी, हेच या चित्रपटाच्या परिणामाचे मुख्य कारण आहे.